दाभोलकर, पानसरे खून: खटले चालू राहोत, पण जाहीर चौकशी आयोगही नेमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने डॉ. नरेंद्र दाभोलकर खून खटल्याचा निकाल दिला. सचिन अंदुरे आणि शरद कळसकर यांना जन्मठेप झाली, बाकीचे तिघे पुराव्याअभावी सुटले. एवढे सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच निकालपत्रात आणखी एक परिच्छेद आहे, तो मात्र चर्चेतून कधीच निघून गेला. न्यायाधीशांनी त्यात लिहिले आहे की, या दोघांची आर्थिक आणि सामाजिक स्थिती पाहता हे सूत्रधार नव्हेत. सूत्रधार दुसराच कोणीतरी आहे आणि त्याच्यापर्यंत पुणे पोलीसही पोचले नाहीत आणि सीबीआयही पोचली नाही. हे त्यांचे अपयश आहे, की सत्तेतल्या कोणा व्यक्तीच्या प्रभावाखाली जाणूनबुजून हात आखडता घेतला गेला, याचे आत्मपरीक्षण त्यांनी करावे.

माझी सगळी नोकरी न्यायालयात झाली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, बरीच वर्षे बेंच क्लार्क म्हणून न्यायाधीशांच्या पुढ्यातल्या टेबलाशी बसले आणि अधीक्षक होऊन निवृत्त झाले. निकालपत्रे कशी लिहिली जातात हे मी जवळून पाहिले आहे. एकेक विशेषण तोलून घातलेले असते, कारण वर अपिलात ते टिकावे लागते. खुनाच्या खटल्यात सत्र न्यायाधीश ‘सत्तेतली व्यक्ती’ असे शब्द लिहितात तेव्हा ते सहज लिहीत नाहीत. आणि आत्मपरीक्षण ज्याचे त्यालाच करायला सांगितले की त्याचा अहवाल पुढे कोणी मागत नाही. न्यायाधीशांना याहून पुढे जाता येत नव्हते, कारण समोरच्या पाच आरोपींपलीकडे त्यांची सत्ताच चालत नाही. पुढचे काम सरकारचे आणि विधिमंडळाचे आहे. ते त्यांनी करावे, चौकशी आयोग कायदा, १९५२ खाली स्वतंत्र, जाहीर चौकशी आयोग नेमावा, एवढे एकच मागणे घेऊन मी हे पत्र लिहिते आहे.

खटला आणि चौकशी यांत लोकांची गल्लत होते, म्हणून थोडे सांगते. एका खुनाच्या खटल्यात मयताची बायको साक्षीला उभी होती. सरतपासणी झाली, उलटतपासणी झाली, आणि पिंजऱ्यातून उतरता उतरता ती बाई थांबून म्हणाली, ‘साहेब, ते मारणार म्हणून मी महिनाभर आधी चौकीत अर्ज दिला होता, त्याचं काय झालं?’ सरकारी वकिलांनी तिच्याकडे पाहून मान हलवली. आरोपीचे वकील हरकत घ्यायला अर्धवट उठले होते, तेही बसले. न्यायाधीश भले गृहस्थ होते. त्यांनी तिला समजावले की, बाई, इथे एवढेच ठरवायचे आहे की खून या आरोपींनी केला की नाही. ती हो म्हणाली आणि खाली उतरली. तिचा प्रश्न जबाबात आला नाही, त्या दिवसाच्या रोजनाम्यातही नाही. मीच रोजनामा लिहीत होते. आरोपींना शिक्षा झाली. अर्जाचे काय झाले हे तिला शेवटपर्यंत कोणी सांगितले नाही, आणि ते सांगणारे दुसरे कुठलेही ठिकाण तिला ठाऊक नव्हते.

खटल्यात आरोपी उभा असतो. तपास करणारा अधिकारी तिथे साक्षीदार म्हणून येतो. त्याने अमुक धागा का सोडला, कोणाचा फोन आला म्हणून सोडला, याचा जाब त्याला विचारायला खटला चालत नाही. आरोपीचे वकील त्याला धारेवर धरतात ते आपल्या अशिलाला सोडवण्यापुरते. राजकीयदृष्ट्या नाजूक खुनात लोकांच्या मनातले अर्धे प्रश्न नेमके इथेच अडकतात.

डॉक्टरांच्या प्रकरणात कोणते प्रश्न अडकलेत ते पाहा. २० ऑगस्ट २०१३ ची सकाळ. पुण्याच्या मध्यवस्तीत, ओंकारेश्वराजवळच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, पोलीस चौकीपासून हाकेच्या अंतरावर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी डॉक्टरांनी वर्षानुवर्षे सरकारचे उंबरठे झिजवले, त्याचा वटहुकूम मंत्रिमंडळाने दुसऱ्याच दिवशी मंजूर केला आणि खुनानंतर चार दिवसांत तो निघालाही. त्यांना धमक्या येत होत्या, हे जगजाहीर होते. त्यांनी पोलीस संरक्षण घेतले नाही, हे खरे. पण संरक्षण नाकारले म्हणून धमक्या देणाऱ्यांचा माग काढायचा नसतो, असे कुठल्याही पोलीस नियमात लिहिलेले नाही. त्या धमक्यांच्या नोंदी कुठे झाल्या, कोणी वाचल्या, त्यावर काय शेरा मारला? हे खटल्यात आलेले नाही, येणारही नव्हते.

मग तपास. जानेवारी २०१४ मध्ये शस्त्रांच्या व्यवहारावरून दोघांना अटक झाली आणि त्यांच्यावर आरोपपत्र गेलेच नाही. मे २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयची पहिली अटक जून २०१६ मधली. त्या वेळच्या आरोपपत्रात गोळ्या झाडणारे म्हणून दोन फरार संशयितांची नावे होती. ऑगस्ट २०१८ मध्ये अंदुरे आणि कळसकर पकडले गेले आणि गोळ्या झाडणारे हे दोघे, असे त्याच यंत्रणेने सांगितले. पुढे न्यायालयाने हेच मान्य केले, त्यावर माझे काही म्हणणे नाही. अपिले उच्च न्यायालयात आहेत, तिथे काय व्हायचे ते होईल. पण दोन वर्षे ज्यांना मारेकरी म्हणून शोधत होते ते मारेकरी नव्हते, असे त्याच यंत्रणेच्या दुसऱ्या म्हणण्यातून निघते. पहिले म्हणणे कशाच्या आधारावर उभे राहिले होते? ते कोणी तपासले, कोणी मंजूर केले? पुरावा मिळवायला सीबीआयने ठाण्याजवळच्या खारेगाव खाडीचा तळ परदेशी पाणबुडे आणून चाळला. खुनाला तेव्हा सहा वर्षे होऊन गेली होती. पहिल्या सहा महिन्यांत ती धडपड का नव्हती, हे विचारायचे कोणाला?

आणि हा छडा आपल्या पोलिसांनी लावला, असेही म्हणता येत नाही. बंगळुरूत ५ सप्टेंबर २०१७ ला पत्रकार गौरी लंकेश यांचा खून झाला. कर्नाटकच्या विशेष तपास पथकाने वर्षभराच्या आत साखळीतली माणसे पकडली, त्यातून धागे महाराष्ट्रात आले, नालासोपाऱ्यात स्फोटके सापडली, आणि तेव्हा कुठे पुण्याच्या पुलावरचे दोघे हाती लागले. पाच वर्षांनी.

या पाच वर्षांत काय काय झाले, तेच मला सगळ्यात जास्त सलते. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी आमच्या कोल्हापुरात, घराजवळ, गोविंद पानसरे आणि उमाताई फिरून परतत असताना मोटारसायकलवरून आलेल्यांनी गोळ्या झाडल्या. उमाताई वाचल्या. अण्णा, म्हणजे पानसरे, २० तारखेला मुंबईत वारले. त्याच वर्षी ३० ऑगस्टला धारवाडला कन्नड विद्वान डॉ. एम. एम. कलबुर्गी यांना त्यांच्या घराच्या दारात मारले. मग गौरी लंकेश. कलबुर्गी आणि लंकेश यांच्यावर एकाच पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, असे कर्नाटकच्या पथकाने न्यायालयापुढे मांडले आहे. पहिल्या खुनाचा तपास नेटाने झाला असता तर पुढचे तिघे आज असते का? याचे उत्तर मला माहीत नाही. पण हा प्रश्न अधिकृतपणे, शपथेवर, कागदपत्रे समोर ठेवून कोणीतरी विचारलाच पाहिजे, आणि तो कोणत्याही सत्र न्यायालयात विचारता येत नाही.

अण्णांना मी न्यायालयाच्या आवारात पाहत आले. कामगारांची, मोलकरणींची, फेरीवाल्यांची कामे घेऊन येणारे वकील. टोलविरोधी आंदोलनात सगळे कोल्हापूर त्यांच्या मागे उभे होते. त्यांच्या खटल्यात दोषारोप निश्चित व्हायला २०२३ उजाडले. तपास आधी विशेष पथकाकडे होता, तो ऑगस्ट २०२२ मध्ये दहशतवादविरोधी पथकाकडे गेला. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने आपली देखरेख थांबवली, आणि तेव्हाही दोन आरोपी फरारच होते. दर महिन्याच्या २० तारखेला कोल्हापुरात मॉर्निंग वॉक निघतो, पुण्यात त्याच तारखेला कार्यकर्ते पुलावर जमत आले आहेत. मी निवृत्तीनंतर त्यात जाऊ लागले. नोकरीत असताना जाणे मला योग्य वाटत नव्हते. चालताना तरुण पोरे विचारतात, ‘मॅडम, आता अजून काय मागायचं? खटला तर चालू आहे.’ त्यांच्यासाठीही हे लिहिते आहे.

खटला झाल्यावर चौकशी आयोग नेमणे ही काही नवी, परदेशी कल्पना नाही. तिचा सर्वांत मोठा दाखला आपल्या पुण्यातूनच निघालेला आहे. महात्मा गांधींच्या खुनाचा खटला १९४९ मध्ये संपला, फाशीही झाली. ऑक्टोबर १९६४ मध्ये गोपाळ गोडसे आणि इतर जन्मठेप भोगून सुटले. १२ नोव्हेंबर १९६४ ला पुण्यात त्यांच्यासाठी सत्यविनायकाची पूजा झाली. तिथे ग. वि. केतकर, म्हणजे लोकमान्यांचे नातू आणि ज्येष्ठ पत्रकार, बोलले की नथुरामचा बेत आपल्याला आधीपासून ठाऊक होता. मोठा गदारोळ झाला. विधिमंडळात आणि संसदेत प्रश्न उठला की, आणखी कोणाकोणाला ठाऊक होते आणि सरकारने काय केले? त्यावर १९६५ मध्ये आयोग नेमला गेला आणि १९६६ पासून न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी तो चालवला. खुनाला तेव्हा अठरा वर्षे झाली होती. त्यांनी १०१ साक्षीदार तपासले आणि १९६९ मध्ये अहवाल दिला.

तो अहवाल वाचताना माझ्यातली जुनी लिपिक जागी होते. २० जानेवारी १९४८ ला बिर्ला भवनात मदनलाल पाहवाने स्फोट केला आणि तो जागीच पकडला गेला. त्याच्या जबाबात पुण्याच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. त्या वृत्तपत्राचा संपादक कोण, हे मुंबई प्रांताच्या सरकारी दप्तरात होते. कोणी ते उघडून पाहायला हवे होते. दिल्लीचे पोलीस मुंबईला गेले, परत आले, आणि दहा दिवस तसेच गेले. मुंबईच्या रुइया कॉलेजातले प्रा. जगदीशचंद्र जैन यांनी मदनलालबद्दल आपल्याला जे माहीत होते ते स्वतः मोरारजी देसाईंना जाऊन सांगितले होते. हे सगळे कपूर आयोगाने ओळीने, तारखांसह नोंदवले. खटल्यात यातले फार थोडे आले होते, कारण खटला नथुराम आणि त्याच्या साथीदारांचा होता. यंत्रणा कुठे थांबली हे देशाला आयोगामुळे कळले. उशिरा कळले, पण नोंद झाली. आज कोणाला गांधीखुनाबद्दल नेमके बोलायचे असेल तर कपूर अहवालाकडे यावेच लागते.

अठरा वर्षांनी जे करता आले, ते दाभोलकर-पानसरे प्रकरणात आता का करता येऊ नये?

‘खटले चालू असताना आयोग नेमला तर खटल्यांना बाधा येईल,’ हे उत्तर मंत्रालयातून येणार हे मी गृहीतच धरते. नेमके हेच उत्तर माल्टाच्या सरकारने दिले होते. माल्टा हा भूमध्य समुद्रातला छोटा देश, लोकसंख्या आपल्या कोल्हापूर शहराएवढी. तिथल्या पत्रकार डॅफ्ने कारुआना गालिझिया सत्ताधाऱ्यांचे आर्थिक व्यवहार उघड करत होत्या. १६ ऑक्टोबर २०१७ ला घरापासून थोड्याच अंतरावर त्यांच्या गाडीत बॉम्बस्फोट झाला. तेव्हापासून दर महिन्याच्या १६ तारखेला लोक राजधानीत, व्हॅलेट्टाला, एका स्मारकापाशी जमू लागले. घरच्यांची मागणी एकच: खटला चालवा, पण हा खून होण्यासारखी परिस्थिती सरकारने निर्माण केली का, याची जाहीर चौकशीही करा. सरकार नाही म्हणत राहिले. युरोप परिषदेच्या संसदीय सभेने जून २०१९ मध्ये तीन महिन्यांची मुदत घालून दिली, तेव्हा मंडळ नेमले गेले. सरकारने आधी निवडलेल्या सदस्यांवर घरच्यांनी हरकत घेतली आणि ती मान्य करून सदस्य बदलले गेले. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. एक न्यायाधीश, एक निवृत्त न्यायाधीश आणि एक माजी सरन्यायाधीश असे तिघे बसले. खटले समांतर चालू होते, चौकशीही चालू होती. २९ जुलै २०२१ ला ४३७ पानांचा अहवाल लोकांसमोर आला. गुन्हेगारांना अभय मिळेल असे वातावरण सरकारच्या सर्वोच्च पातळीवरून पसरत गेले आणि या खुनाची जबाबदारी राज्यसंस्थेने घेतली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. पंतप्रधानांनी माफी मागितली. खटल्यांचे काय झाले? ते बंद पडले नाहीत. बॉम्ब पेरणाऱ्या दोघा भावांनी पुढच्या वर्षी गुन्हा कबूल केला, प्रत्येकी चाळीस वर्षांची शिक्षा झाली.

ज्यांना वाट पाहायची ताकद नसते त्यांचे प्रश्न मात्र असेच मरून जातात. आणि ताकद असली तरी किती थांबावे लागते पाहा: उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे वकील पॅट फिनुकेन यांना फेब्रुवारी १९८९ मध्ये घरात, बायकामुलांसमोर मारले. ब्रिटिश सरकारने जाहीर चौकशी मान्य केली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. पस्तीस वर्षे त्यांच्या पत्नीने दुसरे काही मागितले नाही. आपल्याकडच्या कुटुंबांना तेवढे थांबवू नये.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, आणि तो सामान्य माणूस घेतो. आयोग म्हणजे वेळकाढूपणा. मुंबईच्या दंगलींवरचा श्रीकृष्ण आयोग १९९३ मध्ये नेमला, १९९६ मध्ये सरकारने गुंडाळला, ओरड झाल्यावर पुन्हा सुरू केला, अहवाल १९९८ मध्ये आला आणि त्याच्या शिफारशींचे काय झाले हे मुंबईकरांना सांगायला नको. भीमा कोरेगाव आयोगाला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. हे मी नाकारत नाही. म्हणूनच आयोग कसा हवा, हे नेमणुकीच्या आधी ठरले पाहिजे. नंतर बोलून उपयोग नसतो. अधिसूचनेतले शब्द म्हणजे त्या आयोगाचा जन्मभराचा कागद असतो. चौकशीचे मुद्दे दाभोलकर आणि पानसरे कुटुंबीयांना विचारून ठरावेत. अध्यक्ष महाराष्ट्राबाहेरचे निवृत्त न्यायमूर्ती असावेत, ज्यांनी यातले कोणतेही प्रकरण हाताळलेले नाही. कायद्याच्या कलम ४ मुळे आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार आहेतच. कलम ५-अ खाली तपास अधिकारी मागता येतात, ते ज्या यंत्रणांची चौकशी करायची त्यांतले नसावेत. सुनावणी उघड असावी, कारण बंद दाराआडचा आयोग मला नको आहे. मुदत एक वर्ष, आणि ती वाढवायची तर कारण विधिमंडळाला सांगून. अहवाल आल्यावर सहा महिन्यांत तो कृती अहवालासह सभागृहात ठेवण्याचे बंधन कलम ३ मध्येच आहे. ते पाळले जाते की नाही याकडे वृत्तपत्रांनी डोळ्यांत तेल घालून पाहावे.

आणखी एक, आणि हे मी न्यायालयात आयुष्य काढले म्हणून आवर्जून सांगते. जे सुटले त्यांचा हा दुसरा खटला होता कामा नये. निर्दोष सुटलेल्या माणसाला पुन्हा आयोगाच्या आडून आरोपी करणे मला मान्य नाही. ज्याच्या अब्रूला धक्का लागू शकतो त्याला म्हणणे मांडू देण्याची तरतूद कलम ८-ब मध्ये आहे, आणि आयोगापुढे दिलेला जबाब कलम ६ मुळे त्याच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही. अधिकारी आयोगापुढे मोकळेपणी बोलू शकतील ते याच तरतुदीमुळे. मला वाटते, काहींना बोलायचेही असेल.

पुण्याच्या खटल्यात महापालिकेच्या एका सफाई कामगाराने न्यायालयात उभे राहून दोघांना ओळखले. पहाटे रस्ता झाडायला निघालेला माणूस, ना मागे कोणी, ना पुढे कोणी. ज्यांच्या शब्दाने निकाल तोलला गेला त्यांत हा एक होता. त्याने आपले कर्तव्य केले. गृहखात्याच्या वातानुकूलित दालनांत बसून ज्यांनी फायली पुढे सरकवल्या किंवा दाबून ठेवल्या, त्यांनीही एकदा तशीच शपथ घेऊन उभे राहावे, ही अपेक्षा जास्त आहे असे मला वाटत नाही. २०१३ पासून महाराष्ट्रात जवळजवळ सगळ्या मोठ्या पक्षांनी सत्ता भोगली आहे, तेव्हा ही मागणी एका पक्षाविरुद्धची आहे असे कोणी म्हणू नये.

आता व्यवहाराचे. कायद्याच्या कलम ३ प्रमाणे आयोग नेमणे एरवी सरकारच्या मर्जीवर असते. पण विधिमंडळाने तसा ठराव केला तर तो नेमावाच लागतो. म्हणून मी आमच्या आमदारांना पत्र पाठवले आहे आणि त्यांनी येत्या अधिवेशनात अशासकीय ठराव मांडावा अशी विनंती केली आहे. वाचकांनी आपापल्या आमदारांना हेच लिहावे. ठरावाचा मसुदा सोयीसाठी देते, यात कोणाला बदल सुचवायचे असतील तर जरूर सुचवावेत:

‘डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि कॉ. गोविंद पानसरे यांच्या खुनांपूर्वी त्यांना असलेल्या धोक्याची कोणती माहिती शासनाकडे होती व त्यावर काय कार्यवाही झाली. खुनांच्या तपासात विलंब का झाला, तो कोणाच्या निर्णयामुळे झाला, आणि तपासावर कोणाचा प्रभाव होता काय. पहिल्या खुनाचा तपास वेळेत पूर्ण झाला असता तर पुढील खून टळू शकले असते काय, या बाबींची चौकशी करण्यासाठी चौकशी आयोग अधिनियम, १९५२ अन्वये आयोग नेमावा, त्याची सुनावणी जाहीर असावी आणि त्याने एक वर्षात अहवाल द्यावा, असा हे सभागृह ठराव करीत आहे.’

आपली विश्वासू,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी,
राजारामपुरी, कोल्हापूर